कार्ड मेळघाटचे, धान्य अचलपुरात : स्थलांतरित कुटुंबांचे हक्क

दिवाळी आटोपली की मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे सातपुडा उतरू लागतात. चिखलदरा व धारणी तालुक्यांतून निघालेली ही कुटुंबे कधी परतवाडा-अचलपूर परिसरातील बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर व संत्र्यांच्या बागांत थांबतात, तर कधी अमरावती व त्याही पलीकडे जातात. होळीला मात्र शक्य तो सारे घरी परततात, कारण कोरकू समाजात होळीइतका मोठा सण दुसरा नाही. मधल्या काळात त्यांच्या हक्काच्या धान्याचे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येतो.

ख्रिस्तसभा १९१४ पासून स्थलांतरित व निर्वासितांचा जागतिक दिन पाळत आली आहे. २०१९ पासून तो सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्या दिवशी आपल्या डोळ्यांसमोर दूरदेशीचे निर्वासित उभे राहतात. तसे ते राहावेतही. परंतु घाट उतरून आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत पाल ठोकून राहिलेले कुटुंबही स्थलांतरितच आहे. शिवाय ते याच देशाचे नागरिक असल्याने त्यांना जे मिळावयाचे ते उपकार म्हणून नव्हे, तर कायद्याने.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला. त्यानुसार अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे व १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली. पूर्वी कार्ड ज्या दुकानाशी जोडलेले असे तेथूनच धान्य उचलावे लागे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेने ही अट दूर केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात सर्व राज्यांना ती ३१ जुलैपर्यंत लागू करण्यास सांगितले होते.

तरीही "तुमचे कार्ड मेळघाटचे, इथे चालायचे नाही" असे उत्तर मजुरांना ऐकावे लागू शकते. हे उत्तर चुकीचे आहे. अधिनियमाखालील कार्ड कोणत्याही रास्त भाव दुकानात चालते. त्यासाठी पत्ता बदलावा लागत नाही, गावचे नाव कमी करावे लागत नाही. शिधापत्रिकेचा अथवा आधारचा क्रमांक सांगून ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की पुरे. विशेष म्हणजे सारे धान्य एकाच ठिकाणी उचलण्याचे बंधन नाही. नवरा-बायको कामावर आणि आजी-आजोबा गावी असतील, तर येथे आपल्या वाट्याचे घ्यावे व उरलेले गावच्या दुकानात राहू द्यावे. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यांचे धान्य तुटेल या भीतीने येथे कार्ड पुढेच न करणाऱ्या कुटुंबास ती आवर्जून सांगावी.

धान्य न उचलण्याचा तोटा केवळ त्या महिन्यापुरता राहिलेला नाही. केंद्र शासनाने जुलै २०२५ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय करून मग त्याची पडताळणी करावयाची आहे. पडताळणीस माणसे येतील तेव्हा घराला कुलूप असेल, तर पुढे काय होईल याचा विचार करावा. म्हणून अशा कुटुंबातील प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. विटा थापून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्र पुष्कळदा घेत नाही. अशा वेळी बुबुळांवरून ओळख पटविण्याची सोय आहे का, ते विचारावे. दुकानदार ऐकत नसेल, तर १९६७ या क्रमांकावर अथवा तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत तक्रार करता येते.

बालकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. धारणी व चिखलदरा हे अनुसूचित क्षेत्र असल्याने तेथील गरोदर व स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम जेवण मिळते. अचलपूर त्या क्षेत्रात नाही. घाट उतरताच ते जेवण सुटते, हे कटू असले तरी खरे आहे. परंतु अंगणवाडी येथेही आहे, आणि बाहेरगावच्या बालकाची व मातेची नोंद तेथे करता येते. मातेने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आणले, तर राहिलेल्या लसी व तपासण्या येथेच पूर्ण होतात. शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही.

धर्मग्रामातील युवक-युवतींना, सेवाभावी मंडळींना येथे पुष्कळ काही करता येईल. त्यासाठी निधी गोळा करण्याची गरज नाही. एखाद्या सकाळी कुटुंबासोबत दुकानापर्यंत जावे. कोरकू भाषा जाणणारे कोणी सोबत असेल तर उत्तम, कारण मराठी समजणाऱ्या पुरुषापेक्षा धान्याचा हिशेब ठेवणारी बाई पुष्कळदा अधिक नेमके सांगते. पावती मागून घ्यावी व तीवरील किलो वाचून दाखवावेत. कार्ड आणि आधार मात्र त्यांच्याच हाती राहू द्यावे. मुकादमाकडे, दुकानदाराकडे किंवा आपल्याकडेही ठेवून घेऊ नये. कुटुंब कोणत्या धर्माचे, हे विचारण्याचे काहीच कारण नाही.

हे काम दिवाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच हाती घ्यावे. होळी जवळ आली की पाले उठतात, आणि एकदा बुडालेल्या महिन्याचे धान्य सहसा परत मिळत नाही.