मागच्या मालकाची बाकी

पाडव्याला दारात आलेल्या सेकंडहँड गाडीला हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, शेजारी पेढे पोहोचतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी थेट सीटकव्हरच्या दुकानात जाते. तिथून टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, जमलंच तर अलॉय व्हील. गॅरेजचा नंबर लागतो तो डॅशबोर्डवर पहिला दिवा पेटल्यावर. गाडी पेट्रोलची असेल तर हा क्रम एकवेळ खपून जातो. डिझेलच्या बाबतीत तो महागात पडतो.

एक गोष्ट आधी मान्य करायला हवी. ज्याने गाडी विकायचं मनात धरलं आहे, तो शेवटच्या वर्षात तिच्यावर फार पैसे घालत नाही. यात लबाडीच असते असं नाही; आपणही तेच करतो. दिवाळीनंतर विकायचीच आहे तर आता कशाला टायर, असं म्हणून निभावून नेतो. म्हणजे बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक जुनी गाडी थोडीफार बाकी घेऊनच येते आणि ती नव्या मालकालाच फेडावी लागते. म्हणून माझा हिशोब असा : गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढायची आणि ती सीटकव्हरला द्यायची नाही.

उदाहरणाला आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं इंजिन घेऊ. फियाटचं १२४८ सीसीचं, बोलीत १.३ मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, टाटाची इंडिका व्हिस्टा आणि मान्झा, फियाटची पुंटो आणि लिनिया, शेवरोलेची सेल अशा सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच. गाडीवाले गमतीनं त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणतात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज डिझेल स्विफ्ट हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागते, आणि त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता पाच वर्षांच्या पुढं गेली आहे.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन म्हणजे कटकट नाही, असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. ते अर्धंच खरं आहे. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. ऑईल जुनं झालं, पातळी खाली गेली की टेन्शनर ढिला पडतो, चेन घासते आणि ताणली जाते. इंजिनात ऑईल मावतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. त्यातलं लिटरभर जळून गेलं तरी फरक मोठा पडतो. याची खूण सकाळी मिळते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट आला, तर चेनचा खर्च जवळ आला म्हणून समजा. त्यासाठी गाडी थंडच बघायला हवी. बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर विकणाऱ्यानं तुमच्या आधी गाडी सुरू करून ठेवली आहे.

बेल्टवाल्या इंजिनांची गोष्ट वेगळी. डस्टर-टेरानोचं दीड लिटरचं, फोर्डच्या फिगो-इकोस्पोर्टचं, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं, जुन्या अडीच लिटर इनोव्हाचं, ही सगळी बेल्टवर चालतात. बेल्ट खळखळत नाही. तो पूर्वसूचना न देता तुटतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं, मीटरवर किलोमीटर कितीही कमी दिसोत. रबर वयानंही म्हातारं होतं. आणि बेल्ट बदलताना त्याचे रोलर, टेन्शनर आणि बऱ्याच इंजिनांत त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही त्याच वेळी बदलून घ्यावा. मजुरी एकदाच पडते.

आता ऑईल. डिपस्टिक काढून काळं ऑईल दाखवत 'बघा, किती खराब' म्हणणारा मिस्त्री डिझेलचा नव्हे. डिझेलच्या काजळीमुळं नवं ऑईलही दोन-तीनशे किलोमीटरमध्ये काळं पडतं. रंगापेक्षा पातळी आणि वास बघावा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर डिझेल ऑईलमध्ये उतरतं आहे. नोझल गळत असतील, किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीत काजळी जाळण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट सुटत असेल.

गाडी ताब्यात आली की पहिल्या आठवड्यात ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलावा, कालच बदललं असं कुणी सांगितलं तरी. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असते तीच. पाच-तीस सांगितलं असेल तिथं दाट ऑईल घातल्यानं जुनं इंजिन तरुण होत नाही. डीपीएफ असेल तर त्यासाठीचं कमी राखेचंच ऑईल लागतं. पहिल्या वेळी पुढचा बदल दहा हजारांवर न ठेवता चार-पाच हजारांवर करावा. आत साठलेला गाळ हे नवं ऑईल हळूहळू सोडवतं आणि दुसऱ्या बदलात बाहेर काढतं. 'इंजिन फ्लश' नावाच्या बाटलीच्या मी विरोधात आहे. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला की तो ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या टर्बोला ऑईल न मिळणं म्हणजे काय, ते टर्बोच्या बिलावरून कळतं.

डिझेल फिल्टर बदलताना समोर उभं राहावं. जुन्या फिल्टरमधलं डिझेल पारदर्शक बाटलीत ओतायला सांगा आणि दहा मिनिटं हलवू नका. चांगलं असेल तर एकच फिकट पिवळा रंग दिसतो. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, कधी त्यात तांबूस कण. ते कण टाकीतल्या किंवा पाइपातल्या गंजाचे. मल्टिजेट इंजिनात डिझेल १४०० ते १६०० बार दाबानं, केसाएवढ्या छिद्रांतून, एका स्ट्रोकमध्ये अनेक छोट्या हप्त्यांत फवारलं जातं. तुलनेसाठी, टायरमधला दाब असतो सव्वादोन बार. इतक्या दाबाखाली पाण्याचा थेंब आणि गंजाचा कण पंपाचं व नोझलचं काय करत असेल, ते वेगळं सांगायला नको. आठशे-हजारचा फिल्टर चुकवून लोक नोझलवर पाच आकडी खर्च करतात.

नोझलबद्दल एक सावधगिरी. गाडी जरा थरथरली की 'चारही नोझल गेले' असं निदान काही गॅरेजांत तयारच असतं. आधी रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला बारीक नळी लावून चार सारख्या बाटल्यांत डिझेल गोळा करतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. एकाच बाटलीत बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त डिझेल आलं, तर दोष त्या एकाचा. चाचणी स्वस्त आहे आणि डोळ्यांना दिसते.

धुराचीही भाषा शिकून ठेवावी. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त : तुंबलेला एअर फिल्टर, काजळलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), नाहीतर इंटरकूलरचा फाटका पाइप. हा पाइप अनेकदा क्लॅम्पपाशी चिरतो, गाडीचं पिकअप जातं आणि संशय टर्बोवर येतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळतं आहे. पांढरा धूर फक्त थंडीत सुरू करताना येत असेल तर ग्लो प्लग. कायम येत असेल आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची चौकशी करा.

कुलंटचं नाव निघालंच आहे तर सांगतो. 'आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय साहेब, पाणी टाका की' हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत ऐकू येतं. कुलंट बर्फासाठी असतो तितकाच गंज रोखण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वर नेण्यासाठी असतो. बोअरच्या जड पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत खार धरतो आणि मे महिन्यात एसी लावून कसारा चढताना काटा वर सरकतो. टाकीत गढूळ तपकिरी पाणी दिसलं तर सगळं काढून, स्वच्छ करून, पुस्तकात सांगितलेला कुलंट भरावा. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये.

ब्रेक ऑईल मात्र जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत दुर्लक्षित सापडतं, कारण ते कमी होत नाही आणि आवाज करत नाही. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑईल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. खंबाटकी किंवा आंबेनळी उतरताना ब्रेक तापले की उकळलेल्या ऑईलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचं हे ऑईल चेनपेक्षाही आधी बदला. त्याच दिवशी टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी समृद्धीवर नेणार नाही.

लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप, इंजिन माउंटिंग, क्लच ही कामं आवाज आणि धक्के देऊन स्वतःहून बोलावतात. पगारागणिक एकेक करत गेलं तरी चालतं. कागदांचं मात्र लांबवू नका. ई-चलन थकलेली नाहीत ना ते बघून आरसी नावावर करा, कर्ज असेल तर बोजा उतरवून घ्या आणि मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडं नावबदलाचा अर्ज द्या.

हे सगळं करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो गाडी घेण्याआधी विचारलेला बरा : तुमचं रोजचं फिरणं किती? पुण्यात कोथरूडहून डेक्कन आणि परत, एवढंच असेल तर डिझेल इंजिन नीट तापतच नाही. ईजीआर काजळतो, डीपीएफ तुंबतो, ऑईलमध्ये डिझेल उतरतं आणि वर सांगितलेली बाकी तुम्ही स्वतः नव्यानं चढवू लागता. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, त्यातही बरेचसे हायवेचे, असं फिरणं असेल तर जुनं डिझेल घ्यावं. नसेल तर पेट्रोलच घ्या.