पाकिटातला काटेरी हलवा

डेन्मार्कमध्ये सरकारी टपाल सेवेने पत्रं वाटणं 30 डिसेंबर 2025 ला थांबवलं आणि चारशे वर्षांची सेवा संपली म्हणून आपल्याकडेही अनेकजण हळहळले. त्याआधी सप्टेंबर 2025 मध्ये आपलं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हाही अशीच हळहळ झाली होती. पण पाच रुपयांच्या तिकिटावर वीस ग्रॅमपर्यंतचं पाकीट अजूनही देशात कुठेही जातं. संक्रांतीला त्या पाकिटात भेटकार्डाऐवजी हलवा घाला, एवढं सांगण्यासाठीच हा लेख.

ही काही नवी टूम नाही. मराठी घरांतून संक्रांतीच्या पत्रासोबत चिमूटभर हलव्याची पुडी जायची, दसऱ्याच्या पत्रात आपट्याचं पान जायचं. पुढे तिळगुळाची छोटी छापील कार्डं आली, तरी त्यांच्यासोबत पुडी राहिलीच. मोबाइलने कार्डाची जागा सहज घेतली, कारण कार्डावरचा मजकूर फोनवरही मावतो. हलवा मावत नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात तर या पुडीची गरज फार मोठी आहे. लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाण्याहून आलेली माणसं इथे शिफ्टमध्ये काम करतात. संक्रांत आली म्हणून कारखान्यातली लाइन थांबत नाही. गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आई लाडवांचा डबा देते, तो घ्यायला मुलगा वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर जातो. परत गावाकडे काय जातं? बहुतेक वेळा कुणीतरी पाठवलेलं, तसंच पुढे ढकललेलं चित्र. त्यात 2026 मध्ये संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी महापालिकेचं मतदान होतं, म्हणजे उमेदवारांचा तिळगूळही त्याच फोनवर. अशा गर्दीत आपल्या मुलाची शुभेच्छा त्या माउलीने कशी वेगळी काढायची?

हलवा विकत मिळतो, पण एकदा तो घरी करून बघावा. साहित्य अगदी थोडं लागतं: तीळ किंवा खसखस, साखर, पाणी. वेळ मात्र भरपूर लागतो. परात मंद आचेवर ठेवायची, तीळ त्यात गरम होऊ द्यायचे आणि एकतारी पाकाचा जेमतेम अर्धा चमचा वर सोडायचा. मग बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचं. पाक वाळून दाणे सुटे झाले, की पुन्हा अर्धा चमचा. घाई करून जास्त पाक घातला तर दाण्यांचा गोळा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. बोटांना चटके बसतात, पण झाऱ्याने हे जमत नाही, कारण दाणा ओला आहे की कोरडा हे बोटालाच कळतं. पहिल्या काही थरांत दाणा नुसता पांढरा होतो. मग हळूहळू अंगावर बारीक टोकं दिसू लागतात आणि पुढचा पाक त्या टोकांवर चढत जातो. हाच काटा. थंडीतल्या कोरड्या पहाटे तो सुरेख फुलतो, दमट हवेत दाणा गुळगुळीत राहतो. म्हणून हे काम पहाटे करतात आणि चांगल्या काट्यासाठी दोन-तीन दिवस थोडं थोडं पुरवून करतात.

नव्या सुनेचे आणि बोरन्हाणातल्या बाळाचे दागिने याच हलव्याचे. दागिने करणाऱ्या बायका दाणे पुठ्ठ्यावर आणि दोऱ्यावर ज्या सफाईने बसवतात, तीच कला कार्डाला लावता येते. जाड कागदावर पाच दाण्यांचं फूल, खाली दोन ओळी आपल्या अक्षरात. कागद हातकागद असेल तर फारच छान. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून सुती चिंध्यांच्या लगद्यापासून असा कागद करत आली आहे. चिकटवलेलं फूल बघण्यासाठी ठेवावं, खाण्याचा हलवा वेगळ्या पुडीत द्यावा. पुडीसाठी खसखशीचा बारीक हलवा घ्यावा. शेंगदाण्याच्या टपोऱ्या हलव्याने पाकीट फुगतं आणि शिक्का मारताना त्याचा चुरा होतो. पुडी एका थराचीच ठेवावी, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावावा आणि पाकीट वजन करूनच पोस्टात द्यावं.

सध्या बियांच्या कागदाच्या कार्डांचं फार कौतुक चाललं आहे. कल्पना सुंदर आहे, पण मला तिचा भरवसा वाटत नाही. कार्ड मातीत घालून रोज पाणी घालणारा माणूस विरळा, बाकीच्यांकडे ते टेबलाच्या खणात पडून वाळतं. त्यापेक्षा आपट्याचं एक पान बरं. मात्र ते एकच असावं. दसऱ्याला या झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि आपटा म्हणून कांचनाची पानंही सर्रास विकली जातात. पत्रात एक पान पुरतं, झाडालाही ते जड जात नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी पाकीट टाकलं तर ते सणाला गावी पोचेलच असं नाही. त्याने काही बिघडत नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात.