सिकलसेल : दोष एकट्या आईचा नव्हे

परतवाडा म्हणजे मेळघाटचे दार. चिखलदरा, सेमाडोहकडचे अनेक रुग्ण घाट उतरून आधी इकडेच येतात. हातपाय दुखतात म्हणून रडणारे, अंगात रक्त नसलेले, डोळे पिवळे पडलेले लेकरू घेऊन आई येते. घरच्यांनी तिला आधीच ऐकवलेले असते, 'हा तुझ्याच माहेरचा रोग!' शास्त्र मात्र वेगळेच सांगते.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईचे, एक वडिलांचे. ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिन घडवणारे एक जनुक असते. त्यात एका अक्षराएवढा बदल असला, की रक्तातली गोल लाल पेशी प्राणवायू कमी होताच विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून वेदना होतात. ती लवकर फुटते, म्हणून रक्तक्षय आणि कावीळ होते.

हे जनुक एकाकडूनच आले, तर ती व्यक्ती 'वाहक' असते. तिला सहसा काहीच त्रास होत नाही. उलट, गंभीर मलेरियापासून तिला काहीसे संरक्षणच मिळते. म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. सिकलसेलचा आजार व्हायला मात्र ते आई आणि वडील, दोघांकडूनही यावे लागते. मग दोष एकट्या आईचा कसा?

दोघेही वाहक असतील, तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील,' हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्याने निघते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या थेंबावर पहिली तपासणी होते. दोष आढळल्यास पुढच्या चाचणीने वाहक की रुग्ण, ते ठरते. पत्रिका जुळवण्याआधी मुलामुलीची ही तपासणी करा. लग्न झाले असेल, तर दिवस राहताच दोघांनीही करा. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. ताप आला तर अंगावर काढू नये.

आणि तपासणीला सुनेला एकटीला पाठवू नका. मुलालाही सोबत पाठवा.