पिंजोरची राखण

पिंजोरच्या केंद्रात बकरा आला की लगेच कापत नाहीत. आठवडा-दहा दिवस त्याला तिथेच ठेवतात, चारापाणी करतात. विकायला आणण्याआधी कुणी त्याला दुखण्यावरचं इंजेक्शन टोचलं असेल, तर ते औषध तेवढ्या दिवसांत अंगातून निघून जावं, हा हेतू. मग तो कापायचा, कातडं काढायचं आणि गिधाडांपुढे टाकायचा. आठवड्यातून दोनदा हा शिरस्ता. यात कुणी घाई केली, एक दिवस कंटाळा केला, तर पिंजऱ्यातल्या चाळीस पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतं. त्यांतल्या पांढऱ्या पाठीच्या जातीतले हजारातले नऊशे नव्व्याण्णव बाहेर याच औषधापायी गेले आहेत.

हरियाणात, शिवालिकच्या पायथ्याशी, पिंजोरजवळ जोधपूर नावाचं एक लहान गाव आहे. बीर शिकारगाह अभयारण्याच्या कडेला तिथे पाच एकरांवर हे केंद्र उभं आहे. जटायू संवर्धन प्रजनन केंद्र असं त्याचं नाव. ते उभं राहिलं हरियाणा वनखात्याच्या साथीनं, आणि चालवते आपल्या मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे हॉर्नबिल हाउसमधली १८८३ सालची बीएनएचएस. पैसा आणि तांत्रिक मदत पुष्कळशी ब्रिटनमधून आली. पक्षी वाढवण्याचं रोजचं काम मात्र इथल्याच माणसांनी केलं, आणि पुष्कळसं करता करताच शिकून घेतलं.

त्या माणसांमध्ये पहिलं नाव डॉ. विभू प्रकाश यांचं. १९८०च्या दशकात ते भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तेव्हा तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. गिधाड ही त्या वेळी कुणी मुद्दाम पाहायला जावं अशी गोष्ट नव्हती. गावाबाहेर ढोर टाकलं की अर्ध्या तासात आभाळ भरायचं आणि संध्याकाळपर्यंत हाडं उरायची. विभू प्रकाश १९९६च्या सुमारास त्याच जागी परत मोजणीला गेले, तर घरटी निम्म्यावर आली होती. फांद्यांवर गिधाडं मान खाली टाकून बसलेली, काही घरट्यातच मेलेली, काही झुडपांत लटकलेली. पुढच्या काही वर्षांत भरतपूरच्या वसाहती रिकाम्या झाल्या. धोक्याची हाक त्यांनी वेळेवर दिली. अभ्यासकाची जुनी वही किती मोलाची असते, ते इथे कळतं. आधीची मोजणी हाताशी नसती, तर गिधाडं कमी झाली की आपल्यालाच तसं वाटतंय, याच वादात दहा वर्षं गेली असती.

२००१ साली पिंजोरला सुरू झालं ते प्रजनन केंद्र नव्हतं, गिधाडांचा दवाखाना होता. आजारी पक्षी आणायचे, जगवायचा प्रयत्न करायचा आणि मेले तर कशानं मेले ते शोधायचं. संशय विषाणूवर होता, कीटकनाशकांवर होता. उत्तर सापडलं सीमेपलीकडे. पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासताना अमेरिकन पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि काळजावर, यकृतावर युरिक ॲसिडचा पांढरा थर चुन्यासारखा बसला आहे. कारण होतं डायक्लोफेनॅक. माणसाच्या सांधेदुखीवरची ही गोळी स्वस्त झाल्यावर गोठ्यात पोचली होती. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला एक इंजेक्शन, आणि जनावर उभं राहायचं. त्यानंतर एक-दोन दिवसांत ते मेलंच आणि गिधाडांनी खाल्लं, तर थोडक्या मांसातूनही प्राणघातक मात्रा पोटात जायची. २००४ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं.

शेतकऱ्याचा यात काय दोष? जनावराची कळ थांबावी म्हणून त्यानं औषध दिलं. पण हिशेब भयानक होता. एका मेलेल्या ढोरावर गिधाडं शेकड्यानं उतरतात. त्यामुळे शंभरातल्या एखाद्याच ढोरात हे औषध असलं, तरी सगळी जात संपायला पुरतं. प्रत्यक्षात भारतभर तपासलेल्या मृत जनावरांपैकी साधारण दहा टक्क्यांत ते सापडत होतं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळपास ९७ टक्के गेली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला गिधाडांवर अवलंबून असलेला शतकानुशतकांचा अंत्यविधी कसा चालवायचा हा प्रश्न पडला, तो याच काळात.

औषधावर बंदी यायला वेळ लागणार, आणि बंदी आली तरी दुकानांतून ते जायला आणखी वेळ लागणार, हे उघड होतं. म्हणून २००४ साली पिंजोरच्या दवाखान्याचं प्रजनन केंद्र झालं. तिन्ही जातींचे थोडे पक्षी पिंजऱ्यात सुखरूप ठेवायचे, वाढवायचे आणि बाहेर निवळलं की सोडायचे. ऐकायला सोपं. पण या जाती पिंजऱ्यात वाढवल्याचा अनुभव जवळजवळ कुणाकडेच नव्हता. एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबायला पावणेदोन-दोन महिने, पिल्लू उडायला आणखी साडेतीन-चार महिने, आणि ते पिल्लू स्वतः जोडी जमवण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं. यात चूक सुधारायला पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते.

विभू प्रकाश आणि त्यांच्या पत्नी निकिता प्रकाश यांनी हे केंद्र दोन दशकांच्या आसपास सांभाळलं. मोठा सामाईक पिंजरा शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद, वीस फूट उंच. त्यात चाळीसेक पक्षी. गिधाड मोठा पक्षी, पाच किलोच्या आसपास वजनाचा, दिवसातला बराच वेळ बसून काढणारा. बसायच्या दांड्या कडक असतील, तर पायाच्या तळव्यांना जखमा होतात आणि त्या चिघळतात. म्हणून दांड्यांना काथ्याचा दोर गुंडाळतात आणि तो झिजला की बदलतात. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं, तर त्याच्यासाठी भिंतीला कपारी केल्या. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर ज्यांनी ही गिधाडं पाहिली आहेत, त्यांना ही गरज चटकन कळेल. घरट्यासाठी काटक्या आणि हिरवा पाला आत टाकावा लागतो. पाण्याची हौदी लागते, कारण गिधाड आंघोळीला अतिशय हौशी असतं. मांस खाऊन झालं की पाण्यात शिरून पंख झाडून झाडून धुतं आणि मग उन्हात पंख पसरून उभं राहतं. त्याला घाणेरडं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

नर कोणता, मादी कोणती, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून ठरवतात. जोड्या माणसानं लावायच्या नाहीत. पक्षी मोठ्या पिंजऱ्यात एकत्र वाढतात आणि आपली जोडी आपण जमवतात. एकदा जमली की ती टिकते. दोघं आळीपाळीनं अंडं उबवतात, पिल्लाला भरवतात. हे सगळं माणूस पाहतो तो कॅमेऱ्यातून. हंगामात कुणीतरी पडद्यासमोर बसलेलंच असतं, कारण अंडं कोणत्या घरट्यात कधी पडलं, कोण किती वेळ उठलं, याची नोंद पुढच्या वर्षी कामाला येते. आत कमीत कमी जायचं, आवाज करायचा नाही, पक्ष्याला माणसाची ओढ लागू द्यायची नाही. दोन दशकं एखाद्या प्राण्यासाठी झिजायचं आणि त्यानं आपल्याला ओळखू नये यासाठीही झटायचं, ही शिस्त मला या केंद्रातली सगळ्यांत अवघड गोष्ट वाटते.

वर्षाला एकच अंडं या बंधनावर त्यांनी एक उपाय वापरला. हंगामाच्या सुरुवातीला घातलेलं अंडं हळूच काढून घ्यायचं आणि उबवणी यंत्रात ठेवायचं. काही आठवड्यांत ती जोडी दुसरं अंडं घालते. म्हणजे एका वर्षात दोन. यंत्रातल्या अंड्याचं तापमान, दमटपणा आणि दररोज घटणारं वजन सांभाळावं लागतं. पिल्लू कवचाला पहिली चीर पाडतं तेव्हापासून ते बाहेर येईपर्यंत बराच अवधी जातो, आणि तेवढा वेळ माणसाला मदतीचा मोह आवरावा लागतो. मग बारीक चिरलेलं मांस चिमट्यानं भरवायचं आणि योग्य वेळी पिल्लू आईबापांच्या स्वाधीन करायचं. २००९ साली बारीक चोचीच्या गिधाडाचं पिल्लू इथे मोठं होऊन उडालं. ही तिन्हींतली सर्वांत दुर्मीळ जात, आणि तिचं पिल्लू पिंजऱ्यात वाढल्याची ही जगातली पहिली वेळ होती. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा इथल्या भावंड केंद्रातही एक उडालं. पुढच्या वर्षी लांब चोचीच्यांनीही यश दिलं. आसामात राणीला आणि भोपाळलाही अशी केंद्रं झाली. पिंजोरचे पक्षी पुढे साडेतीनशेच्या वर गेले.

मग सोडत का नव्हते? हा प्रश्न केंद्राला वर्षानुवर्षं ऐकावा लागला. त्याचं उत्तर औषधाच्या दुकानात होतं. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं, तरी माणसांसाठीचं चालूच होतं, आणि त्याच्या मोठ्या बाटल्या जनावराला नेमक्या पुरत. बीएनएचएसची माणसं शेतकरी म्हणून दुकानात जात आणि म्हैस दुखण्यानं बेजार आहे, काहीतरी द्या, म्हणत. दुकानदार काय काढून देतो, याची नोंद होई. ११ राज्यांतल्या अडीचशे दुकानांच्या अशा पाहणीत, बंदीनंतरही ३६ टक्के ठिकाणी डायक्लोफेनॅक मिळालं. या आकड्यांचा मोठा उपयोग झाला. २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलीलिटरवर आणण्यात आली. पिंजऱ्यातलं काम जितकं महत्त्वाचं, तितकंच हे, आणि याची छायाचित्रं कुठे छापून येत नाहीत.

२०१६ साली पिंजोरला दोन हिमालयी गिधाडं सोडून पद्धत तपासली. पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं सोडली ती २०२० च्या ऑक्टोबरात. दवाखाना सुरू झाल्यापासून १९ वर्षांनी. आधी पक्षी सोडायच्या पिंजऱ्यात बरेच महिने ठेवतात. बाहेर मांस टाकतात, त्यावर रानातली गिधाडं उतरतात, आतली ती बघतात. मग दार दुरून उघडायचं आणि वाट पाहायची. हुसकायचं नाही. पाठीवरच्या यंत्रातून पक्षी कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळत राहतं.

जानेवारी २०२४मध्ये पिंजोरहून २० गिधाडं विदर्भात आली, ताडोब्यात आणि पेंचमध्ये. पावसाळ्यात दारं उघडली. ताडोब्यातून निघालेलं एक पांढऱ्या पाठीचं गिधाड राज्यांमागून राज्यं ओलांडत थेट तामिळनाडूत पोचलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला हजारो किलोमीटरचा प्रवास जमला, ही पिंजोरच्या माणसांच्या कामाची पावती होती. तिथेच ते विजेच्या तारेला चिकटून मेलं. एवढी मेहनत घेतलेला पक्षी असा जावा याचं दुःख व्हायलाच हवं, पण पक्षी उपासमारीनं मेला नाही, वाट चुकून मेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. उडायचं कसं, खायचं कुठे, हे त्यानं शोधलं होतं. तारांना आवरण घालणं हे आता वीज मंडळांचं काम आहे.

आता विभू आणि निकिता प्रकाश निवृत्त झाले आहेत, नवी माणसं केंद्र चालवत आहेत. औषधांची यादीही वाढली आहे. असेक्लोफेनॅक गाईच्या पोटात गेलं की त्याचंच डायक्लोफेनॅक होतं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली, निमेसुलाइड २०२४च्या अखेरीस. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड ही दोन औषधं गिधाडांना सोसतात, हे तपासून सिद्ध झालेलं आहे, आणि जनावराची कळ ती तितकीच थांबवतात. ताडोबा-पेंचच्या भोवती आणि जिथे जिथे ही गिधाडं उतरू शकतात तिथल्या गोठ्यांत, इंजेक्शन भरण्याआधी बाटलीवरचं नाव वाचायला हवं, आणि या दोहोंपैकी नसेल तर दुसरी बाटली आणायला माणूस पाठवायला हवा.