चौपट परत

वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. माझं गाव म्हसावद कुणालाच आठवणार नाही. पण जोतिबा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. तिथला रंग आणि इथली जात यांचं नातं त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार असतो, बहुतेक वेळा भिल्ल. माझ्या लहानपणी आमच्या सालदाराचा चहाचा कप वेगळा, गोठ्यातल्या कोनाड्यात असायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकायचो. देवाने प्रत्येक माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला, म्हणून प्रत्येकाची किंमत जन्मतःच सारखी, असं सिस्टर सांगायच्या. मी ते पाठ करून पैकीच्या पैकी मार्क मिळवले. कप मात्र कोनाड्यातच राहिला.

नुसतं पाठ असून भागत नाही, हे चर्चलाही लागू आहे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने बायबलचाच आधार देऊन वर्णभेदाचं समर्थन केलं. आर्चबिशप डेस्मंड टुटू तेच बायबल हातात घेऊन त्याविरुद्ध लढले. १९९४ मध्ये सत्ता बदलली. पुढे टुटू ‘सत्य आणि समेट आयोगा’चे अध्यक्ष झाले. नावातला क्रम बघा: आधी सत्य, मग समेट. माफी हवी असेल तर केलेलं सगळं उघड सांगायचं, अशी तिथली अट होती.

बायबलमध्ये जक्कय नावाचा जकातदार आहे. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो, तेव्हा तो नुसता रडत बसत नाही. उभं राहून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन. म्हणजे समेटात हिशोबही आला.

आमच्या शहादा तालुक्यात १९७१ साली पाटीलवाडीला धान्य मागणाऱ्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग महाराज आणि १९७२ मधली श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या, रास्त मजुरी मागितली. हा लढा काही ख्रिस्ती नव्हता, पण मागणी जक्कयाला पटली असती.

आता माझा हिशोब. फर्स्ट इयरला मेसमध्ये मी एका आदिवासी मित्राला सगळ्यांसमोर म्हणालो, “तुझं काय बाबा, तुला सीट आयती मिळाली.” सगळे हसले. तो ताट उचलून निघून गेला. रात्री त्याच्या रूमवर जाऊन मी सॉरी म्हटलं. तो एवढंच म्हणाला, “बोललास मेसमध्ये, आणि सॉरी रूममध्ये?”

त्या दिवशी मेसमध्ये पन्नास-साठ जण असतील. हा अंक त्याच्या चौपट तरी लोक वाचतील. मित्रा, मी चुकलो. हिशोब पुरा झाला की नाही, ते तू ठरव.