घरी छापलेले माप

चेन्नईच्या दक्षिणेस, विमानतळाच्या शेजारी, सेंट थॉमस माउंट नावाची जी टेकडी आहे, तिच्या परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने शंभर फुटी पोलादी साखळी ताणून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीची साडेसात मैलांची आधाररेषा आखावयास आरंभ केला. ती साखळी मूळ चीनच्या बादशहास नजराणा म्हणून निघाली होती. त्या दरबाराने ती नाकारली म्हणूनच ती मद्रासच्या मोजणीदाराच्या हाती लागली. उन्हाने पोलाद वाढते हे जाणून लॅम्बटनने ती लाकडी पेट्यांच्या आश्रयाने अंथरली, जवळ उष्णतामापक ठेवून उष्णमानाच्या नोंदी केल्या आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामाची साखळी ताडून पाहण्यासाठी दुसरी साखळी प्रमाण म्हणून निराळी राखली. कामाचे माप आणि प्रमाणाचे माप यांतला हा भेद मोठमोठ्या खात्यांच्या दप्तरात नित्याचा असला, तरी घरगुती कारखान्यात त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. आणि हल्ली मापाची साधने घरच्या घरी छापून घेता येऊ लागल्यापासून तर ती ठेवणे अधिकच निकडीचे झाले आहे.

छापणे म्हणजे येथे त्रिमिती छपाई. प्लॅस्टिकची तार दोनशे अंशांच्या आसपास वितळवून, ०.४ मि.मी. भोकाच्या तोटीतून तिचे ०.२ मि.मी. जाडीचे थर एकावर एक चढवीत यंत्र वस्तू उभी करते. या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि यंत्रे मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. चेन्नईला हे तंत्र नवलाचे राहिलेले नाही, आय.आय.टी. मद्रासच्या आवारात वाढलेल्या अग्निकुल या कंपनीने एकसंध छापलेल्या इंजिनाचे रॉकेट ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडविले. तेथे धातू छापतात, आपण प्लॅस्टिक. तेव्हा तुलना येथेच थांबवावी.

घरी काय छापावे? फळीच्या कडेशी समांतर रेघ ओढणारा ठोकळा, ड्रिलच्या टोकाचा ११८ अंशांचा कोन तपासणारी पट्टी, निरनिराळ्या गोलाईंचे नमुने, आणि गोल दांड्याचा मध्य शोधणारा कोन्या, ज्याच्या दोन भुजा दांड्याला टेकवून कोन दुभागणाऱ्या कडेने रेघ ओढली आणि दांडा थोडा फिरवून दुसरी ओढली, की दोन्ही जेथे छेदतील तेथे मध्य सापडतो. यांतले एकही साधन स्वतः आकडा सांगत नाही. ते आकार ताडून देते, आणि छपाईला हेच काम साधते.

आकडा काढावयाचा असेल तर भूमितीचे साहाय्य घ्यावे. एखाद्या मोठ्या कप्पीची त्रिज्या हवी आहे, परंतु कप्पी यंत्रातून निघत नाही, अशा वेळी कॅलिपरला दोन पायांचे छापील जोडकाम बसवून पायांच्या मधोमध फुगवट्याची उंची मोजावी. पायांतील अंतराच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागून त्यात निम्मी उंची मिळविली की त्रिज्या येते. पाय ४० मि.मी. अंतरावर आणि उंची २ मि.मी. असेल, तर त्रिज्या १०१ मि.मी. पण तीच उंची चुकून २.१ वाचली गेली, तर उत्तर ९६.३ वर घसरते. पाय ८० मि.मी. दूर ठेवले, तर तेवढ्याच चुकीने फरक पडतो तो जेमतेम एक मि.मी. छापताना पायांचे अंतर वाढविणे फुकट असते. बाजारातल्या तयार साधनात ती सोय मिळेलच असे नाही. ओपनएसकॅडसारख्या मोफत प्रणालीत प्रत्येक परिमाणाला नाव देऊन आराखडा लिहिला, की एक आकडा बदलताच सारी आकृती त्याप्रमाणे जुळून येते.

मात्र छापील पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा उठविण्याचा हट्ट धरू नये. ०.४ मि.मी. रुंदीची रेघ पट्टीच्या खुणेला फार जाड होते. त्यापेक्षा पोलादी पट्टी बसेल अशी खाच ठेवावी. छापलेले भोक बहुधा आराखड्याहून लहान उतरते आणि तळाचा पहिला थर बाहेर पसरतो, म्हणून खालची कड अर्धा मि.मी. तासलेलीच आखावी. त्यात मद्रासची हवा! पीएलए हे लोकप्रिय प्लॅस्टिक साठ अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात बंद मोटारीत विसरलेला गुण्या वाकडा होण्यास तेवढे पुरे होते. त्याऐवजी पीईटीजी वापरावे, ते ऐंशीच्या आसपासपर्यंत तग धरते. समुद्राकाठच्या दमट हवेत तार ओलावा शोषते. ती हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवणे भाग आहे. शिवाय दहा अंश उष्णमान चढले की १०० मि.मी. पीएलए सुमारे ०.०७ मि.मी.ने वाढते, पोलाद मात्र ०.०१२ नेच. सुतारकामात हा फरक खपून जातो. लेथवर खपत नाही.

साधन स्वतः घडविल्याचा एक लाभ असा, की बिघडले तर ते दुरुस्तही करता येते. १८०८ साली, सरफोजीराजांच्या तंजावरात, देवळावर चढविताना लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, दोर तुटून भिंतीवर आदळला, तेव्हा गृहस्थाने तंबूत स्वतःला कोंडून घेऊन कित्येक आठवडे तो ठोकून पूर्ववत केला. आपल्याला तेवढे कष्ट नाहीत, आराखडा पुन्हा छापला की झाले.

घरगुती साधन विक्रीव्यवहारात मात्र आणू नये. तेथे कायद्याने तपासून शिक्का मारलेलेच माप लागते. आणि प्रिंटर घेण्याचीही घाई नको. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची सामायिक कार्यशाळा, आहे, आणि छपाई करून देणारी दुकाने आता बऱ्याच शहरांत आढळतात. ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी पहिला पैसा चांगल्या १५० मि.मी. पोलादी पट्टीवर खर्च करावा, ती कामाला न लावता डब्यात जपून ठेवावी, आणि छापलेले प्रत्येक साधन तिच्याशी ताडूनच हाती घ्यावे.