मोटारगाडीवरील मूळ रंगलेप

मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या बॉडीवर जो रंग दिलेला असतो, त्यास तिचा मूळ किंवा कारखानी रंगलेप म्हणतात. मूळ रंगछटा व मूळ रंगलेप या भिन्न गोष्टी आहेत. गाडी पुन्हा त्याच छटेत रंगविली, तर तिची छटा मूळची राहते. रंगलेप मात्र नवा ठरतो. जुन्या, विशेषतः थोड्या संख्येने निर्माण झालेल्या स्पोर्ट्‌स मोटारींच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा असतो. रंगलेप हा गाडीच्या इतिहासाचा पुरावा असून एकदा खरवडल्यावर तो परत मिळविता येत नाही.

रंगांचे कालखंड : विसाव्या शतकाच्या प्रारंभी घोडागाड्यांप्रमाणेच मोटारींनाही तेलरंग व व्हार्निश यांचे अनेक हात देत आणि ते वाळण्यास काही आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास द्यू पाँ व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी फवारून देता येणारे, लवकर वाळणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर प्रचारात आणले. त्यानंतर भट्टीत तापवून कठीण केली जाणारी अल्किड एनॅमले, पुढे ॲक्रिलिक रंग आणि १९६० नंतर विद्युत् निक्षेपणाने दिले जाणारे अस्तर असा क्रम दिसतो. रंगावर वेगळा पारदर्शक लेप देण्याची पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे १९५० च्या सुमाराच्या गाडीवर असा लेप आढळल्यास ती नंतर रंगविली असल्याचे बहुधा निश्चित होते. रंगद्रव्येही काळ दर्शवितात. थॅलोसायनीन निळे १९३५ मध्ये, तर क्विनॅक्रिडोन लाल १९५८ मध्ये बाजारात आले. त्याआधीच्या गाडीच्या मूळ लेपात ती असू शकत नाहीत.

प्राथमिक तपासणी : प्रथम झाकलेल्या जागा पाहतात. डॅशबोर्डाची आतील बाजू, मागील आसनामागचा पत्रा, डिकीचा तळ, बॉनेटच्या बिजागऱ्या व रबरी पट्ट्यांखालची जागा येथे जुना रंग टिकून राहतो. तेथील छटा बाहेरच्या छटेशी जुळत नसल्यास गाडी पुन्हा रंगविलेली असते. रबर, काच वा विजेच्या तारा यांवर उडालेले रंगाचे तुषार, चिकटपट्टीच्या कडेने उमटलेली रेषा आणि बोल्टच्या माथ्यावरील तुटलेला रंग याही खुणा होत. पांढऱ्या फडक्याला पॉलिश लावून हलके घासल्यास एकेरी लेपाचा रंग फडक्यावर उतरतो; वर पारदर्शक लेप असल्यास उतरत नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकर थिनरमध्ये विरघळते, भट्टीत कठीण केलेले एनॅमल सहसा विरघळत नाही. मात्र ही कसोटी लेपास इजा करीत असल्याने ती दडलेल्या जागीच व अल्प प्रमाणात करतात.

उपकरणे : लेपाची जाडी चुंबकीय मापकाने मोजतात. आधुनिक कारखानी लेप साधारणतः ८० ते १५० मायक्रॉन (हजारांश मिमी.) जाडीचा असतो. जुन्या गाड्यांवर हाताने फवारलेला लेप याहून जाड व असमान असू शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा निरनिराळ्या भागांतील फरक अधिक बोलका ठरतो. पोचा काढून लांबी भरलेल्या जागी जाडी एकदम अनेक पटींनी वाढते. चुंबकीय मापक केवळ पोलादी पत्र्यावर चालते. जॅग्वार एक्सके १२० च्या सुरुवातीच्या सु. २४० गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची होती. तेथे आवर्ती प्रवाहांवर चालणारे मापक लागते. शेव्हरोले कॉर्व्हेट किंवा भारतातील सॅन स्टॉर्म यांच्या काचतंतूंच्या बॉडीवर ही दोन्ही निरुपयोगी असून श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग करावा लागतो.

सर्वांत विश्वसनीय पुरावा लेपाच्या उभ्या छेदात मिळतो. दडलेल्या जागेची सूक्ष्म खपली रेझिनमध्ये बसवून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पत्रा, अस्तर व रंग यांचे थर क्रमाने दिसतात. दोन रंगांमध्ये धूळ वा मेणाची रेषा अथवा दुसरे अस्तर आढळल्यास वरचा रंग नंतरचा होय. अपघातस्थळी सापडलेली खपली संशयित वाहनाशी ताडून पाहताना न्यायसहायक प्रयोगशाळा हेच तत्त्व वापरतात. अशी एक प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर येथे आहे. तेथीलच १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत रंगलेप तंत्रविद्येच्या अध्यापनाची परंपरा आहे.

कागदपत्रे : अनेक गाड्यांच्या बॉडीवरील पट्टीवर रंगाचा संकेतांक कोरलेला असतो. जॅग्वार, एमजी इ. गाड्यांच्या निर्मितीच्या नोंदींवरून मूळ छटेचे प्रमाणपत्रही मिळते; परंतु त्यावरून सध्याचा लेप मूळचा आहे हे सिद्ध होत नाही. भारतीय नोंदणी प्रमाणपत्रातही रंगाचा उल्लेख असतो. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तेथील जुन्या गाडीच्या नोंदी शोधताना हे बदल ध्यानात घ्यावे लागतात. केंद्रीय नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी व इंजीन यांत मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या व्हिंटेज म्हणून नोंदविता येतात.

हवामान व जतन : नागपूरचे उन्हाळी तापमान ४५° से. च्या वर जाते आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो. तीव्र उन्हाने रंगाचे बंधकद्रव्य झिजून पृष्ठभाग खडूसारखा होतो, लाल छटा फिकट पडतात आणि पत्र्याच्या प्रसरण-आकुंचनामुळे जुन्या लॅकरला बारीक चिरा जातात. चिरांतून ओलावा शिरून गंज धरतो. म्हणून विटलेला रंग दिसताच तो नकली वा निकामी मानू नये. उलट असे समान रीतीने झालेले जीर्णत्व मूळपणाची खूण असू शकते. गाडी सावलीत व कोरड्या जागी ठेवणे, सौम्य साबणाने धुणे, मेणाचा पातळ हात देणे आणि गंजलेल्या जागीच मर्यादित दुरुस्ती करणे हा जतनाचा मार्ग होय. वारंवार पॉलिश केल्याने लेप झिजतो. संपूर्ण गाडी पुन्हा रंगविणे अटळ असल्यास छायाचित्रे घ्यावीत, जाडीची नोंद ठेवावी आणि झाकलेला एखादा भाग न घासता तसाच राखावा. पुढील तपासणीस तेवढाच आधार उरतो.